मोर्चा, संप, अनामत : बडोद्यात राहून मराठीत अशांततेबद्दल लिहिताना

बडोद्यात मराठी लिहिणाऱ्याच्या कानावर दिवसभर तीन भाषा पडतात. सकाळी गुजराती पेपर, संध्याकाळी हिंदी चॅनेल आणि मधल्या वेळात पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे मराठी मेसेज. लग्नकार्याबद्दल किंवा भाजीच्या भावाबद्दल लिहिताना या सरमिसळीने फारसं बिघडत नाही. पण मोर्चा, दगडफेक, अटक असलं काही आलं की गुजराती आणि मराठीत सारखेच दिसणारे शब्द भलतेच अर्थ दाखवायला लागतात. मंडळाच्या वार्तापत्रासाठी लिहिणारे, गुजराती बातमी मराठीत करून देणारे आणि युनिव्हर्सिटीत मराठी घेऊन बसलेले विद्यार्थी, या सगळ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही पद्धत मांडतो आहे.

पहिली पायरी : नाव नंतर, क्रियापदं आधी

घटना आधी नुसत्या क्रियापदांत लिहून काढा. लोक जमले. चालत गेले. घोषणा दिल्या. फाटकासमोर बसले. पोलिसांनी उठवलं. एक काच फुटली. आंदोलन, गोंधळ, दंगल, उठाव यांतला एकही शब्द अजून घ्यायचा नाही. तो शब्द आधी ठरला की उरलेली बातमी त्याच्यामागे फरफटत जाते.

मग चार गोष्टी विचारा. कोण आणि साधारण किती होते? मागणी कोणाकडे होती? माणसाला किंवा मालमत्तेला इजा झाली का, आणि झाली असेल तर कोणाकडून? परवानगी होती का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर हाती नसेल तर ‘बेकायदा’ आणि ‘विनापरवाना’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवा. आकड्याबाबत पोलीस एक सांगतात, आयोजक दुसरा सांगतात. दोन्ही द्या आणि कोणाचा कोणता ते लिहा.

दुसरी पायरी : शांततेत झालं असेल तर प्रकार नेमका ओळखा

‘आंदोलन’ हा शब्द सगळ्याला चालतो, म्हणूनच तो कमी सांगतो. मराठीत प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र नाव आहे आणि त्याचं ठरलेलं क्रियापद आहे. मोर्चा चालतो: तो काढतात, नेतात, तो कचेरीवर धडकतो, पोलीस तो अडवतात. धरणं बसून असतं आणि ते धरतात. निदर्शनं एका जागी उभं राहून होतात. शब्द कायम अनेकवचनी, ‘निदर्शन केलं’ हे खटकतं. ठिय्या म्हणजे मागणी मान्य होईपर्यंत उठायचं नाही या इराद्याने मारलेली बैठक. घेराव अधिकाऱ्याला घालतात, इमारतीला नव्हे. हा शब्द देशभर पोचला तो १९६७च्या सुमारास बंगालमधून, सुबोध बॅनर्जी तिथे कामगारमंत्री असताना, आणि तेव्हा त्याचा अर्थ व्यवस्थापकाला खोलीत कोंडून ठेवणं असा अगदी नेमका होता.

मोर्चाची तर पोटजातच मोठी आहे. पाण्यासाठी बायका रिकामे हंडे घेऊन निघाल्या की हंडा मोर्चा. महागाईविरुद्ध १९७२च्या सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन उतरल्या, तो लाटणे मोर्चा. २०१६ मध्ये मराठा समाजाने घोषणा न देता काढले ते मूक मोर्चे. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे निघाला तो लाँग मार्च. आता आपल्याकडे काय होतं? पाण्याच्या तक्रारीसाठी बायका खंडेराव मार्केटात महापालिकेसमोर येतात आणि माठ फोडतात. हा हंडा मोर्चा नाही. तिथे भांडं रिकामं मिरवायचं असतं, इथे ते फोडायचं असतं. सरळ ‘महिलांनी माठ फोडून निषेध केला’ असं लिहा. कृती इतकी बोलकी आहे की तिला उसनं नाव लागत नाही.

उपोषणाकडे जरा थांबून बघायला हवं. गुजरातीत देवासाठी केला तरी उपवास आणि सरकारविरुद्ध केला तरी उपवास. मराठीत तसं नाही. ‘शिक्षक उपवासावर’ असं लिहिलंत तर पुण्यातल्या वाचकाला साबुदाण्याची खिचडी आठवते. सरकारविरुद्ध होतं ते उपोषण. त्यात एक दिवसाचं ते लाक्षणिक, आळीपाळीने बसतात ते साखळी, आणि मागणी मान्य झाली नाही तर मरेपर्यंतचं ते आमरण. गुजराती पेपरातले ‘प्रतीक उपवास’ म्हणजे आपलं लाक्षणिक उपोषण. उपोषण ‘सोडतात’ किंवा ‘मागे घेतात’. ‘तोडलं’ हे हिंदीतून आलेलं आहे, टाळा.

बंदची ‘हाक’ देतात आणि बंद ‘पाळतात’. गुजराती ‘सज्जड बंध’ म्हणजे मराठीत ‘कडकडीत बंद’. दुकानं काही उघडी, काही बंद असतील तर ‘संमिश्र प्रतिसाद’. बंद आणि हरताळ यांत गल्लत नको, कारण हा फरक कोर्टाने केलेला आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंद पुकारणं घटनाबाह्य ठरवलं ते दोन्ही वेगळे मानून: हरताळात दुकानदार आपखुशीने फळी लावतो, बंदमध्ये ज्याला यायचं नाही त्यालाही ओढलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल कायम केला. त्यामुळे व्यापारी संघाने स्वतःहून दुकानं मिटली असतील तर ‘व्यापाऱ्यांनी हरताळ पाळला’ हे जास्त नेमकं. ‘हरताळ फासला’ हे मात्र दुसरंच काही. तो हरताळ पिवळ्या रंगाचा, जुन्या पोथ्यांत चुकलेला मजकूर पुसायला लावायचे तो. ‘नियमांना हरताळ फासला’ म्हणजे नियम धाब्यावर बसवले.

तिसरी पायरी : गुजराती जुळे शब्द चाळून घ्या

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथे होते, म्हणून जरा सावकाश. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू, छापला गेला. एका शब्दाला शेजारच्या भाषेत काय म्हणायचं हा प्रश्न या शहराला नवा नाही.

अनामत. गुजरातीत अनामत म्हणजे आरक्षण, मराठीत अनामत म्हणजे ठेव. निवडणुकीत जप्त होते ती. २०१५च्या आंदोलनाला ‘पाटीदार अनामत आंदोलन’ म्हटलं की सांगलीच्या वाचकाला वाटतं एखादी बँक बुडाली आणि ठेवीदार रस्त्यावर आले. ‘पाटीदार आरक्षण आंदोलन’ लिहा. १९८१ आणि १९८५ मध्ये गुजरातेत झाली ती आरक्षणविरोधी आंदोलनं.

संप. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. ‘संप त्यां जंप’, म्हणजे एकी तिथे शांती, ही म्हण आपल्या शेजारच्या काकीही वापरतात. जुन्या मराठीतही अर्थ तोच होता. एकी करून काम थांबवलं त्यावरून आजचा अर्थ रूढ झाला. गुजराती बातमीतल्या ‘हडताळ’साठी मराठीत संप हाच शब्द, पण तो कामगार-कर्मचाऱ्यांचा. संप पुकारतात, तो चिघळतो, फुटतो, मिटतो. ‘संप संपला’ लिहायचा मोह होतो, पण ‘मिटला’ म्हणजे तडजोड झाली आणि ‘फुटला’ म्हणजे लोक परत कामावर जाऊ लागले, हा फरक त्यात हरवतो. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, आणि तो ‘मिटला’ असं कोणी लिहीत नाही.

आवेदनपत्र आणि निवेदन. ही जोडी तर आडवी-उभी गुंतलेली. गुजरातीत कलेक्टरला देतात ते आवेदनपत्र. मराठीत आवेदनपत्र म्हणजे परीक्षेचा वगैरे फॉर्म. मराठीत कलेक्टरला देतात ते निवेदन; गुजरातीत निवेदन म्हणजे पुढाऱ्याचं वक्तव्य किंवा पोलिसांनी नोंदवून घेतलेलं म्हणणं. तेव्हा ‘पोलीसे निवेदन लीधुं’ याचं मराठी ‘पोलिसांनी जबाब नोंदवला’.

अटकायत आणि धरपकड. यात चूक झाली तर ती कोणाच्या तरी अब्रूवर येते. गुजराती अटकायत म्हणजे ताब्यात घेणं. मोर्चातल्या लोकांना गाडीत घालून संध्याकाळी सोडतात, ती अटकायत. तिचं मराठी ‘अटक’ केलंत तर सोडून दिलेल्या माणसाला तुम्ही आरोपी करून ठेवलंत. उलट गुजराती ‘धरपकड’ म्हणजे एकाची असली तरी रीतसर अटक. मराठीत धरपकड म्हटलं की पोलीस मोहल्लाभर फिरून पन्नास जणांना उचलतायत असं चित्र उभं राहतं. तीन शब्दांचा हिशेब पक्का ठेवा: अटकायत म्हणजे ताब्यात घेणं, एकट्याची धरपकड म्हणजे अटक, आणि मराठी धरपकड फक्त सरसकट कारवाईला.

जाहेरनामुं. पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश. मराठीत जाहीरनामा पक्ष काढतात, निवडणुकीच्या आधी. ‘पोलीस आयुक्तांनी जाहीरनामा प्रसिद्ध केला’ हे वाक्य मी खरोखर छापलेलं पाहिलं आहे. वाचून वाटलं साहेब उभे राहतायत.

ताळाबंधी. इथल्या बातमीत गावकरी शाळेला ताळाबंधी करतात. मराठीत टाळेबंदी करतो तो मालक, कामगारांना बाहेर ठेवायला; आणि २०२० पासून लॉकडाउनलाही लोक टाळेबंदी म्हणू लागले. गावकऱ्यांनी ‘शाळेला टाळं ठोकलं’ असं लिहा.

तोफान, धमाल, हुल्लड. गुजराती पेपरातलं ‘कोमी तोफान’ म्हणजे दंगल. मराठीत तुफान म्हणजे वादळ, नाहीतर सिनेमाला झालेली गर्दी. गुजराती ‘धमाल’ म्हणजे गोंधळ, धक्काबुक्की. मराठीत धमाल सहलीला येते. ‘हुल्लड’ गुजरातीत दंगलीइतकं जड आहे, मराठीत हुल्लडबाजी म्हणजे उनाडांचा धिंगाणा. एकाच गुजराती बातमीत हे तीनही शब्द येतात आणि तिन्हींचं वजन मराठीत बदलतं. गुजराती ‘रमखाण’ म्हणजेही दंगलच, पण तो मराठीत नाहीच, त्यामुळे तो शब्द निदान फसवत तरी नाही.

टोळुं. गुजरातीत नुसता जमाव. मराठीत टोळकं म्हणजे गुंडांचं, टोळी म्हणजे दरोडेखोरांची. पाणी मागायला आलेल्या सोसायटीच्या लोकांना टोळकं म्हणू नका.

सरघस. गुजरातीत सरघस म्हणजे मिरवणूकही आणि निषेधाचा मोर्चाही. मराठीत मिरवणूक गणपतीची किंवा विजयाची. पोलिसांनी आरोपीला रस्त्यावरून फिरवलं त्यालाही इथे ‘सरघस’ किंवा उपरोधाने ‘वरघोडो’, म्हणजे वरात, म्हणतात. मराठीत ती ‘धिंड’.

चौथी पायरी : हिंसेचं माप

मराठीत हिंसेच्या शब्दांना चढण आहे. बाचाबाची तोंडाची. धक्काबुक्की हाताची, पण मारायला नव्हे. झटापट दोन बाजूंची, बहुतेक पोलीस आणि आंदोलक. हाणामारी म्हणजे खरोखर मार बसला. मग दगडफेक, तोडफोड, जाळपोळ. आणि हे एका जागी न थांबता वस्तीभर पसरलं, अनेक लोक त्यात ओढले गेले, तरच दंगल. दंगल ‘उसळते’, ‘भडकते’, ‘आटोक्यात येते’. हिंदीत दंगल म्हणजे कुस्तीचा फड, हे हिंदी बातमीवरून लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

इथे एक कायद्याची खाच आहे. गुजराती बातमीत ‘रायोटिंगनो गुनो’ हे शब्द सारखे येतात. पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावाने समान हेतूने बळ वापरलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम १९१ खाली तो गुन्हा होतो. दोन कुटुंबांचं पार्किंगवरून झालेलं भांडणही त्यात बसू शकतं. आपल्या शहराच्या वाडी भागातल्या अशा भांडणावर तुम्ही मथळ्यात ‘वाडीत दंगल’ लिहिलंत तर लंडनमधला मुलगा घाबरून आईला फोन करतो. ‘बेकायदा जमाव जमवून मारहाण केल्याचा गुन्हा’ असं लिहा.

‘जातीय’ हा शब्द दुसरी अडचण. जुन्या मराठी पेपरांत जातीय दंगल म्हणजे हिंदू-मुसलमानांची; गुजरातीतलं ‘कोमी’ नेमकं तेच. पण आजच्या वाचकाला जातीय म्हटलं की जात आठवते. माझं मत असं की ‘दोन धर्मांच्या गटांत’ असं उघड लिहावं, आणि ते कारण पक्कं ठाऊक असेल तरच. भांडणाचं मूळ उसन्या पैशांत असताना दोन्हीकडची आडनावं पाहून दंगलीला धर्म चिकटवणं हा शब्दांचा नव्हे, वागण्याचा प्रश्न आहे.

कर्ता कुठे जातो तेही बघा. ‘दगडफेक झाली’, ‘गोळीबार झाला’ या वाक्यांत कोणीच काही केलेलं नसतं. दगड कोणी मारले ते कळलं नसेल तर ‘झाली’ बरोबरच आहे. पण गोळीबार पोलिसांनीच केला हे स्पष्ट असताना ‘झाला’ लिहिणं म्हणजे बाजू घेणं. एका वाक्यात ‘जमावाने दगडफेक केली’ आणि पुढच्यात ‘गोळीबार झाला’ असं आलं की लिहिणारा कोणाकडे उभा आहे ते दिसतं. ‘सौम्य लाठीमार’ हाही तसलाच. लाठीमार सौम्य होता हे पोलिसांचं म्हणणं असतं. तसं अवतरणात द्या, नाहीतर नुसतं लाठीमार.

पाचवी पायरी : सरकारी आदेश

जमावबंदी आणि संचारबंदी यांची अदलाबदल सर्रास होते. जमावबंदीत पाच किंवा अधिक जणांनी एकत्र यायला मनाई असते. तुम्ही एकटे मांडवीत दूध आणायला जाऊ शकता. संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नाही. दोन्ही आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघू शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ होतं. त्यामुळे नुसतं ‘१६३ लागू’ लिहून भागत नाही, आदेशात काय बंद आहे ते वाचून लिहा. संचारबंदी लागू होते, शिथिल होते, उठते. लोकांनी आपणहून पाळला तो जनता कर्फ्यू. २२ मार्च २०२० मुळे तो सगळ्यांना कळला, पण महागुजरात आंदोलनात १९५६ मध्येच अहमदाबादकरांनी मोरारजी देसाईंच्या उपोषणाच्या वेळी तो पाळला होता.

राजद्रोह आणि देशद्रोह एक नाहीत. टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये चालला तो राजद्रोहाचा खटला, भारतीय दंड संहितेचं कलम १२४-अ. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवलं आणि नव्या भारतीय न्याय संहितेत त्या नावाने ते नाही. तिथलं कलम १५२ सार्वभौमत्व आणि अखंडता धोक्यात आणण्याबद्दल आहे. देशद्रोह हा भाषणातला शब्द आहे. गुन्ह्याचं नाव म्हणून तो लिहू नका.

सहावी पायरी : जुन्या घटनांची नावं

बंड म्हटलं की हुकमत असणाऱ्याच्या बाजूने बघणं आलं, उठाव म्हटलं की उठणाऱ्याच्या. १८५७ला आपले आजोबा शिपायांचं बंड म्हणत, पाठ्यपुस्तकं उठाव म्हणतात. गुजरातीत तो ‘बळवो’. हिंदी पोलिसी भाषेत मात्र ‘बलवा’ म्हणजे साधी दंगल, तेव्हा हिंदीतून घेताना सांभाळा. आजकाल बंडखोर म्हणजे तिकीट न मिळालेला उमेदवार. क्रांती हा शब्द राज्य किंवा व्यवस्था खरोखर उलटली तरच वापरावा, असं मला वाटतं. पण संघटनांनी आपल्या नावात घेतला असेल तर तो तसाच ठेवावा लागतो.

स्थानिक घटनांना त्यांची रूढ नावं द्या आणि एका वाक्याची ओळख जोडा. नुसतं ‘नवनिर्माण’ लिहिलं तर महाराष्ट्रातल्या वाचकाला २००६ मध्ये निघालेला पक्ष आठवतो. ‘गुजरातचं नवनिर्माण आंदोलन’ लिहा: डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसच्या वाढीव बिलावरून पेटलेलं, १० जानेवारी १९७४ला अहमदाबाद-बडोद्यात हिंसक वळण घेतलेलं, आणि ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांच्या राजीनाम्यापर्यंत गेलेलं. १९७५ची ‘कटोकटी’ मराठीत आणीबाणी. त्या काळातलं जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरचं प्रकरण आपल्या शहराच्या नावाने ओळखलं जातं. ‘बडोदा डायनामाइट खटला’ म्हणा, ‘बडोदा स्फोट’ नको. आरोप कटाचा होता, आणि १९७७ मध्ये खटला मागे घेतला गेला.

चळवळीत गेलेल्यांना मराठीत हुतात्मा म्हणायची रीत आहे. १८ ऑगस्ट १९४२ला आणंदजवळच्या अडास स्टेशनावर बडोद्याहून गेलेल्या तरुणांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले, ते हुतात्मे. दंगलीत रस्त्याने जाणारा माणूस सापडला तर तो मृत्युमुखी पडला असंच लिहावं. हुतात्मा म्हणून त्याला कोणाच्या तरी बाजूला उभं करायचा आपल्याला अधिकार नाही.

शेवटी एक बातमी करून बघू

समजा गुजराती पेपरात हे आलं: ‘पाणीना प्रश्ने रहीशोनो मोरचो कॉर्पोरेशन पहोंच्यो हतो. टोळाए सूत्रोच्चार करी, माटलां फोडी, आवेदनपत्र आप्युं हतुं. धमाल थतां पोलीसे दस लोकोनी अटकायत करी हती.’

शब्दाला शब्द ठेवून होतं ते असं: ‘टोळक्याने महापालिकेत आवेदनपत्र दिलं, धमाल केली, दहा जणांना अटक.’ यातलं जवळजवळ काहीच घडलेलं नाही.

नीट केलं तर: ‘पाण्याच्या प्रश्नावर रहिवाशांनी महापालिकेवर मोर्चा नेला. जमलेल्या लोकांनी घोषणा दिल्या, माठ फोडले आणि निवेदन दिलं. त्यानंतर गोंधळ झाला आणि पोलिसांनी दहा जणांना ताब्यात घेतलं.’

‘गोंधळ’ मी नाइलाजाने ठेवला आहे, कारण ‘धमाल’मध्ये नक्की काय झालं ते मूळ बातमीत नाही. तिथे हजर असलेल्या कोणाला तरी फोन करा. नुसती आरडाओरड असेल तर गोंधळ राहू द्या, रेटारेटी झाली असेल तर ‘पोलीस आणि आंदोलकांत झटापट’ लिहा. त्याच फोनवर हेही विचारा की त्या दहा जणांना संध्याकाळी सोडलं का. सोडलं असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात टाका, आणि मथळा त्यानंतर लिहायला घ्या.